दोर सोडायचा शब्द

आमच्या दुकानात 'छान' या शब्दाला काडीची किंमत नव्हती. बोर्ड बघून गिऱ्हाईक नुसतं 'छान' म्हणालं, की दादा माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. अर्थ असा, की याला आवडलेला नाही, पण भांडायचा कंटाळा आलाय. 'मस्त' म्हणालं, तर त्यानं नीट पाहिलेलंच नाही. माणसं निम्म्या वेळा कौतुक करतात ते स्वतःची सुटका करून घ्यायला, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं.

धंदा म्हणजे दुकानांचे बोर्ड. अक्षरं आखायची, कापायची, आत दिवे बसवायचे, हे माझं काम. ते नेऊन भिंतीवर चढवायचं काम दादाचं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बारा वर्षं आम्ही एका छताखाली काम केलं, रोज भांडून. तो गेला त्याला अकरा महिने झाले. कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. का गेला ते फक्त मला माहीत आहे असं मला वाटत होतं, आणि त्या वाटण्यानं मला अकरा महिने धड दोन घास खाऊ दिले नाहीत.

तर तो शब्द. आमच्या घरात तो आणला माझ्या भाचीनं, दादाच्या लेकीनं. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि शाळेतून रोज काहीतरी उचलून आणायची, कधी उवा, कधी खोकला, आणि एकदा हे: ऑसम. मांजर ऑसम, सुट्टी ऑसम, दात पडला तर तोही ऑसम. तो शब्द पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेला. म्हटलं, "अगं, सगळंच ऑसम, तर मग चांगलं कशाला म्हणायचं?"

"चांगलं म्हणजे चांगलं," ती म्हणाली. "ऑसम म्हणजे ऑसम."

दादा हसून हसून आडवा झाला. "ओळंबे, घे. याला म्हणतात व्याख्या."

ओळंबा हे त्यानं मला ठेवलेलं नाव. भिंत सरळ उठतेय का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. माझा डोळा जन्मापासून तसा आहे. कुणाच्या घरी गेले आणि तसबीर तिरकी दिसली, की माझं गप्पांत लक्ष लागत नाही. आई शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होती तेव्हा मी नर्सशी भांडले होते, भिंतीवरचं घड्याळ कललंय म्हणून. आई म्हणाली, "अगं, मी मरायला टेकलेय." मी म्हटलं, "हो, पण ते तुझ्या डोळ्यांसमोरच आहे." आई हसली होती. मी नंतर स्टुलावर चढून ते सरळ केलं.

माझ्या या खोडीला दादानं कामाला लावलं. पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, सगळेच वापरतात, आम्हीही वापरायचो, आणि पाणसळ खोटं बोलत नाही. पण इमारती बोलतात. खिडकीची पट्टी एकीकडे कललेली, छज्जा दुसरीकडे, आणि त्या दोघांमध्ये पाणसळीनं सरळ लावलेला बोर्ड रस्त्यावरून तिरका दिसतो. लोक काही पाणसळ घेऊन फिरत नाहीत, डोळे घेऊन फिरतात. म्हणून आमची एक रीत ठरली होती. दादा बोर्ड चढवायचा, पण बोल्ट पुरते आवळायचा नाही. शिडीचा माथा दोन दोरांनी भिंतीतल्या कड्यांना बांधलेला असायचा, तो तसाच ठेवायचा. मग खाली उतरून, समोरच्या फूटपाथवर जाऊन एक फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. खाली एकच प्रश्न: कसं झालंय?

मी दुकानात बसून फोटो मोठा करून बघायचे आणि कळवायचे. उजवीकडून पाव इंच वर. मधलं अक्षर बाहेर आलंय. तो परत चढायचा, बांधलेल्या शिडीवरून, आणि दुरुस्त करून पुन्हा फोटो पाठवायचा. तिसऱ्या-चौथ्या फोटोला माझं समाधान व्हायचं, तेव्हा मी एक शब्द पाठवायचे. तो आला की बोल्ट आवळायचे, दोर सोडायचे, खाली यायचं. तो शब्द येईपर्यंत दोराला हात लावायचा नाही. हा नियम दादाचाच, आणि त्यानं तो एकदाही मोडला नाही.

शब्दही त्यानंच निवडला. मी म्हटलं होतं, 'ठीक' म्हणत जाईन. तो म्हणाला, "छे. 'ठीक' तू झोपेतसुद्धा म्हणशील. जो शब्द म्हणायला तुझ्या जिवावर येतं, तोच ठेवू. म्हणजे उगाच म्हणणार नाहीस." आणि लेकीकडे बघून डोळा मारला.

अशी मी तो शब्द वापरायला लागले. नाक मुरडत, पण प्रामाणिकपणे. भाचीच्या तोंडी त्याचा अर्थ 'आवडलं', न्हाव्या-शिंप्यांच्या तोंडी 'पुन्हा या', माझ्या हातून गेला की त्याचा अर्थ 'दोर सोड'. पहिल्या फोटोला मी तो कधीच दिला नव्हता. दादा चिडवायचा, "हिच्याकडून पहिल्या फटक्यात ऑसम मिळायला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

आता त्या सकाळचं सांगते. मी एका लांब पट्टीवर रंगीत फिल्म चिकटवत होते. ज्यानं हे केलंय त्याला कळेल, मागचा कागद सोलायला घेतला की थांबता येत नाही. थांबलं की तिथे रेघ उमटते आणि खाली हवा कोंडते. डाव्या हातानं फिल्म ताणून धरली होती, उजव्या हातात दाबायची पट्टी. बाजूला फोन वाजला. दादाचा फोटो. माझ्या फोनवर फोटो आपोआप उतरत नाहीत. दादा दिवसाला चाळीस पाठवायचा, फोन भरून गचके द्यायला लागला, म्हणून मीच तसं करून ठेवलं होतं. आधी नुसता धुरकट चौकोन दिसतो. त्यावर बोट ठेवलं की खरा फोटो उतरतो. मला दिसलं ते एवढंच: वर निळसर, मध्ये पांढरं, खाली करडं. आणि त्याखाली, कसं झालंय?

मी बोट ठेवलं नाही. करंगळीनं 'ऑ' लिहिलं, पूर्ण शब्द फोननंच सुचवला, मी तो दाबला आणि गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. मला तर जीभसुद्धा उचलावी लागली नाही. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. फिल्म एकदम साफ बसली, एक बुडबुडा नाही. मी खुश झाले होते.

अकरा पस्तीसला दादाच्या जोडीदाराचा फोन आला. तो दुसरा फिटर, दादाच्याच वयाचा. गाडी वळवून आणायला गेला होता, परत येईतो रस्त्यात गर्दी जमलेली.

मधल्या तेवीस मिनिटांत काय झालं ते बोर्ड ज्याचा होता त्या न्हाव्यानं सांगितलं. दादानं माझा मेसेज वाचला आणि मोठ्यानं हसला. कुणालातरी फोन केला. मग चढून बोल्ट आवळले, दोर सोडले, खाली उतरून दोरांची वेटोळी करून पिशवीत टाकली. पाणी प्यायला. शिडी अजून भिंतीला टेकलेलीच होती. मग रस्ता ओलांडून समोर गेला आणि बोर्डाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ उभा होता, न्हावी म्हणाला. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. परत आला, पाना घेतला आणि शिडीवर चढला. दोर पिशवीतच होते.

फोन त्यानं वहिनीला केला होता. वहिनी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि जो येईल त्याला ती सांगत होती, "जाताना आनंदात होता हो. फोन करून म्हणाला, ओळंब्यानं पहिल्याच फोटोला ऑसम दिलं, आज पाऊस पडणार. इतका हसत होता." मग माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "हिच्यामुळे. शेवटचं सुख त्याला हिनं दिलं." माणसं माझ्याकडे कौतुकानं बघायची. मला वाटायचं, उठावं आणि ओरडून सांगावं, मी बघितलंच नव्हतं. मी उठायचे आणि पाणी प्यायचे.

त्यानंतर तो शब्द माझ्या मागे लागला. फोनवर 'ऑर्डर' लिहायला जावं, 'ऑ' उमटताच वर तो हजर. 'ऑफिस' लिहायला जावं, तो हजर. मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला काढायचा प्रयत्न केला, दोन दिवस गेला आणि परत आला. दुकानात, बसमध्ये, जिन्यात, माझ्या कानावर दुसरं काही पडेचना. एका बाईनं तिच्या नव्या चपलांना म्हटलं. एक माणूस फोनवर आपल्या सुट्टीला म्हणत होता. दरवेळी मी मनात म्हणायचे, अरे, जरा बघून बोला. एकदा भाचीच्या शाळेच्या शब्दकोशात मी तो काढून पाहिला. पहिला अर्थ दिला होता, ज्याच्यापुढे छाती दडपते असा. दुसरा, बोलीभाषेत, फार चांगला. पुस्तक मिटलं आणि ती खोलीत यायच्या आत जागेवर ठेवलं, चोरी केल्यागत.

आणि अकरा वाजून बारा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत नाही असं ठरवलं तरी ती वेळ मला कळायची. दुकानात सगळं शांत व्हायचं. खिळ्याला शिडीचे दोर टांगलेले आहेत, जोडीदारानं आणून दिले ते. वारा नसताना ते हलताना मी पाहिलेत. तुम्ही म्हणाल भास, म्हणा. मागे कुणीतरी उभं आहे, उत्तराची वाट बघतंय, असं मानेला कळायचं. एकदा मी चिडून मोठ्यानं म्हटलं, "दादा, बस कर आता. काय हवंय तुला?" त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. त्यानं विचारलं होतं, कसं झालंय. मी अजून उत्तर दिलं नव्हतं.

तो धुरकट चौकोन माझ्या फोनमध्ये तसाच होता. रोज उघडून बघायचे. वर निळसर, मध्ये पांढरं, खाली करडं. त्यात बोर्ड सरळ असेल, तर दादा दुसऱ्याच कशासाठी चढला आणि माझा शब्द निदान खोटा नव्हता. तिरका असेल, तर मी बघितलं असतं तर लगेच सांगितलं असतं, तो बांधलेल्या शिडीवरून चढला असता आणि दुपारी जेवायला घरी आला असता. प्रत्यक्ष जाऊन बोर्ड बघण्यात अर्थ नव्हता, कारण पडण्याआधी त्यानं तो हलवला की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मी ती गल्ली टाळत होते, त्याला हे कारण होतं. फोटो न उघडण्याला कारण नव्हतं. भीती होती, दुसरं काही नाही.

मागच्या आठवड्यात भाची दुकानात आली. आता अकरा वर्षांची आहे. चित्र काढून आणलं होतं, रस्ता आणि घरं. "आत्या, कसं झालंय?" तिनं विचारलं, तेच शब्द. मी चित्र घेतलं आणि बघत बसले. इतका वेळ, की तीच कंटाळली.

"तिसऱ्या घराची खिडकी तिरकी आहे," मी म्हटलं.

"माहितीये. ती मुद्दाम आहे." मग म्हणाली, "बाबा म्हणायचे, आत्या सांगते ते खरं असतं. बाकी सगळे उगाच म्हणतात." आणि जाता जाता, "बाबांचा फोन आता मला मिळणारे. आई उद्या सगळं पुसून माझं सिम घालणारे. ऑसम ना?"

ती गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं, फोन काढला आणि अकरा महिन्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. एक गोल फिरला. मग अक्षरं आली: हा फोटो आता उपलब्ध नाही. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. मला हसू आलं आणि मग मी फरशीवर बसून रडले, तोंडात ओढणी कोंबून, बाजूच्या दुकानात ऐकू जाऊ नये म्हणून. फोटो आता एकाच ठिकाणी होता, दादाच्या फोनमध्ये. उद्यापर्यंत. आणि तो मागायचा तर वहिनी विचारणार, तू तर पाहिला होतास ना?

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी गेले तेव्हा वहिनी दवाखान्याचा पांढरा कोट इस्त्री करत होती. दादाचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. भाची मैत्रिणीकडे गेली होती. "बरं झालं आलीस," वहिनी म्हणाली. "घरचे फोटो मी काढून घेतले. कामाचे हजारभर आहेत, ते जाऊ देत ना? तुला काही हवंय त्यातलं?"

"एक हवाय," मी म्हटलं. "शेवटचा."

"तो तर तुझ्याकडे असेल की."

वेळ मारून नेता आली असती. फोन पडला, पाण्यात गेला, काहीही. अकरा महिन्यांत मी दहा थापा तयार ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, इस्त्री खाली ठेव."

तिनं ठेवली. मी उभ्यानंच सांगितलं. फिल्म, करंगळी, 'ऑ', सगळं. "मी बघितलं नव्हतं गं. मी तो फोटो उघडलाच नाही, आजतागायत. तो ज्या शब्दावर हसला, तो मी न बघता पाठवला होता. त्या शब्दावर त्यानं दोर सोडले." बोलताना मी तिच्याकडे बघू शकले नाही. कोटाची कॉलर बघत होते. ती एका बाजूनं दुमडली होती.

वहिनीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ती खुर्ची ओढून बसली. "मी दिवसभर लोकांना सांगते, काही दुखणार नाही," ती म्हणाली. "खोटं कसं दिसतं ते मला कळतं. मी त्याचं सुख सांगायला लागले की तू पाणी प्यायला उठायचीस. दरवेळी. मला वाटायचं, दुःखानं उठते." मग तिनंच मान हलवली. "नाही. खरं सांगू? मला तसं वाटून घ्यायचं होतं."

"तू मला काही बोल."

"काय बोलू? तो पहिल्या फोटोला फसला. त्याला कळायला हवं होतं, तू पहिल्या फोटोला कधी देत नाहीस." तिचा आवाज चिरकला. "आणि तुला एक बोट ठेवता आलं नाही. एक बोट."

"नाही आलं."

ती रडली, मीही. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. मग तिनं डोळे पुसले, दादाचा फोन उचलला आणि आमच्या दोघांचे मेसेज काढले. वर-खाली बघत राहिली. "त्यानं तुझ्या सगळ्या ऑसमना तारे लावून ठेवलेत," ती म्हणाली. "माहिती होतं तुला?" मला माहीत नव्हतं. "शेवटच्यालाही लावलाय." तिनं काहीतरी दाबलं.

माझ्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर वर दादाचं नाव, त्याचा तो वेडावाकडा हसरा चेहरा, आणि खाली धुरकट चौकोन. वर निळसर, मध्ये पांढरं, खाली करडं. टेबलापलीकडे वहिनी बसलेली मला दिसत होती, फोन तिच्याच हातात होता, तरी मला क्षणभर वाटलं, त्यानं पुन्हा विचारलंय.

मी बोट ठेवलं. फोटो उतरला.

बघायला मला तीन सेकंद लागले, नेहमीसारखे. खिडकीची पट्टी, छज्जा, आणि त्यांच्यामध्ये पांढरी आठ अक्षरं. शिडीच्या माथ्याशी दोन्ही दोर बांधलेले, पिवळे, स्पष्ट दिसत होते.

"कसं आहे?" वहिनीनं विचारलं.

अकरा महिने मी याच प्रश्नाला घाबरले होते, आणि आता जीभ जड झाली नाही. "डावीकडून खाली आहे," मी म्हटलं. "अर्धा इंच. मोठा न करतासुद्धा दिसतंय."

ती फोटोकडे बघत राहिली. तिला ते दिसत नव्हतं, हे मला कळत होतं. फार थोड्यांना दिसतं. मला लगेच दिसतं, दादाला बराच वेळ बघितल्यावर दिसायचं.

"मग सांग त्याला," वहिनी म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती टेबलाकडे बघत होती. "उद्या हा नंबर नसेल. त्यानं विचारलंय ना. सांग."

मी लिहिलं. एकेक अक्षर मीच लिहिलं, फोननं सुचवलेलं एकही घेतलं नाही. डावीकडून अर्धा इंच खाली आहे. दोर सोडू नकोस.

तिच्या हातात दादाचा फोन वाजला. त्यानं ठेवलेला तोच आवाज, सायकलच्या घंटीचा. आम्ही दोघी तो संपेपर्यंत हललो नाही. मग वहिनीनं त्याच्या फोनवर ते वाचलं, मोठ्यानं, सावकाश, त्याला वाचून दाखवावं तसं. माझ्या फोनवर दोन टिका निळ्या झाल्या.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "मी तो बोर्ड अजून पाहिला नाही," ती म्हणाली. "तू?" मी नाही म्हणून मान हलवली. "उद्या दवाखान्याच्या आधी जाऊ. मला एकटीला जमणार नाही, ओळंबे." त्या नावानं तिनं मला त्याआधी कधीच हाक मारली नव्हती. माफ केलं असं ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि आजपर्यंतही नाही.

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. न्हावी नुकतं शटर उघडत होता, आम्हाला बघून हातातला झाडू ठेवून आत निघून गेला. आम्ही समोरच्या फूटपाथवर उभ्या राहिलो, दादा उभा होता तिथेच. वहिनी जमिनीकडे बघत होती. मी वर बघितलं.

खिडकीची पट्टी, छज्जा, आठ अक्षरं. डावी बाजू वर घेतलेली होती. बरोब्बर अर्धा इंच. मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, डोळे मिटून उघडून बघितलं. त्या कललेल्या इमारतीवर तो बोर्ड इतका सरळ होता, की चूक काढायला माझ्यासारखीलाही जागा नव्हती. त्यानं काम पुरं केलं होतं. मग घसरला होता. माझी छाती खरंच दडपली, आणि मी वहिनीचा हात धरला.

"सांग ना," ती म्हणाली.

"केलंय त्यानं," मी म्हटलं. "पूर्ण केलंय."

तिथेच उभं राहून मी फोन काढला, बोर्डाचा फोटो काढला, मोठा करून पुन्हा एकदा पाहिला. दादाच्या नावावर गेले आणि तो एक शब्द लिहिला. या वेळी बघून, चांगली दहा मिनिटं बघून. पाठवला.

दादाचा नंबर आदल्या संध्याकाळी बंद झाला होता, मला माहीत होतं. शब्दापुढे एकच टिक आली. अजून एकच आहे.